काट्याचा आकडा टॅबलेटवर

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एखाद्या मध्यम कारखान्याच्या गेटशी थोडा वेळ थांबले, तर एक आकडा किती हातांतून जातो ते पाहता येते. टँकर काट्यावर चढतो, केबिनमधल्या इंडिकेटरवर लाल अंकांत वजन स्थिरावते, आणि आतला माणूस ते वहीत उतरवतो. मग तेच चलनावर लिहितो. संध्याकाळी ऑफिसात दुसरा कोणी ती वही समोर घेऊन तोच आकडा संगणकात भरतो. १८,४६० चे १८,६४० होण्यासाठी या वाटेवर तीन जागा आहेत. तसे झाले की १८० किलो माल कागदावर वाढतो आणि महिनाअखेरीला तो शोधत बसावे लागते.

त्याच इंडिकेटरच्या पाठीमागे बहुतेक वेळा नऊ पिनांचे एक पोर्ट असते. त्यातून तेच वजन विजेच्या संकेतांच्या रूपात बाहेर पडायला तयार असते. कित्येक इंडिकेटर तर कोणी ऐको न ऐको, सेकंदाला अनेकदा ते सांगतच राहतात. क्यूसी लॅबमधल्या तराजूच्या मागेही असेच पोर्ट असते. पीएच मीटरला असते, टूलरूममधल्या जुन्या व्हीएमसीच्या, म्हणजे संगणकनियंत्रित मिलिंग यंत्राच्या, पॅनेलवर असते. दुसरीकडे सुपरवायझरच्या हातात आठ-दहा हजारांचा टॅबलेट असतो. त्याला कीबोर्ड लागत नाही, की टेबल लागत नाही. बॅटरीवर पूर्ण पाळी निघते, पडद्यावर मराठीत सूचना दाखवता येतात आणि बारकोड वाचायला कॅमेरा असतो. या दोघांना जोडले, तर आकडा मधल्या हातांना न शिवता नोंदीत जातो.

जोडायचे म्हटले की माणसे बाजारातून ‘एक यूएसबीची तार’ मागवतात. अडचण तिथूनच सुरू होते, कारण एका टोकाला नऊ पिना आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली ती वस्तू, म्हणजे कन्व्हर्टर, हा एक छोटा संगणकच आहे. तिच्या आत चिप आहे, त्या चिपची आपली स्मृती आहे, आपली ओळख आहे, आणि तिच्याशी कसे बोलायचे हे टॅबलेटला कोणीतरी शिकवावे लागते. ही एक गोष्ट नीट समजली, तर एमआयडीसीत दर आठवड्याला ‘कनेक्ट होत नाही’ म्हणून बंद पडणारी अर्धी कामे मार्गी लागतील, असे मला मनापासून वाटते.

लॅपटॉपवरून सीरियल पोर्ट जाऊन बरीच वर्षे झाली, मग त्याची उठाठेव कशाला, असे नवे इंजिनिअर विचारतात. त्याचे उत्तर अंबरनाथच्या वयात सापडते. विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना इथे १९२०च्या दशकात आला. पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आणि १९५०च्या दशकात मशिन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, स्थापन झाले, आणि मोरिवली, चिखलोली, आनंदनगर आणि पलीकडे बदलापूर असा पट्टा वाढत गेला. रसायने, औषधे, इंजिनिअरिंग, पॅकेजिंग असे सगळेच इथे शेजारी शेजारी आहे. कारखानदार यंत्र घेताना वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब धरतो. संगणक मात्र पाच-सहा वर्षांत बदलावा लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे यंत्र आणि त्याची भाषा विसरलेला संगणक अशी जोडी इथे घरोघर दिसते.

ती भाषा पाहू. आरएस-२३२ हे मानक अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० साली काढले. टेलिप्रिंटरसारखी उपकरणे मोडेमला जोडणे हा त्याचा हेतू होता. १९६९ची त्याची ‘सी’ आवृत्ती जगभर रुजली. कनेक्टर आधी २५ पिनांचा होता. आयबीएमच्या १९८४च्या पीसी-एटीने नऊ पिनांचा रूढ केला आणि आज आपल्या काट्यांवर दिसतो तो हाच. त्यातल्या तीन पिना लक्षात ठेवल्या तरी बहुतेक काम भागते: संगणकाच्या बाजूने पाहिले तर २ नंबरवर ऐकायचे, ३ नंबरवर बोलायचे, आणि ५ नंबर ही दोघांची सामाईक जमीन.

बोलणे होते ते व्होल्टच्या उलटसुलट होण्यातून. तार शांत असते तेव्हा तिच्यावर ऋण व्होल्टेज असते, म्हणजे उणे ३ ते उणे १५ च्या दरम्यान कुठेतरी. हा ‘१’. अधिक ३ ते अधिक १५ हा ‘०’. इंडिकेटरला ७ हा अंक पाठवायचा असेल, तर आधी एक शून्य जाते. ‘आता बोलतोय’ ही त्याची खूण, तिला स्टार्ट बिट म्हणतात. मग ७ या अक्षराचा आठ बिटांचा संकेत उलट्या क्रमाने, शेवटचा बिट आधी: १, १, १, ०, १, १, ०, ०. अखेरीस पुन्हा एक ‘१’, म्हणजे स्टॉप बिट. एकूण दहा बिट. वेग ९६०० बॉड असेल तर एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि सेकंदाला ९६० अक्षरे जातात. बॉड हे नाव एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्यावरून आले आहे.

या सगळ्यात घड्याळाची वेगळी तार कुठेच नाही. दोन्ही बाजूंनी वेग आधीच ठरवून घेतलेला असतो आणि त्या ठरावावरच सारे चालते. म्हणून इंडिकेटर २४०० वर आणि टॅबलेट ९६०० वर असला, तर काहीच येत नाही असे होत नाही. काहीतरी येतेच, पण ते अंकांऐवजी चौकोन आणि विचित्र चिन्हे असतात. पडद्यावर असा कचरा दिसला की पुष्कळ जण कन्व्हर्टर खराब म्हणून परत करतात. खरे तर कचरा दिसणे हे चांगले लक्षण आहे. तार बरोबर आहे, विद्युतसंकेत पोहोचतो आहे, फक्त वेग किंवा पॅरिटी (चूक पकडण्यासाठी जोडलेला जादा बिट) जुळत नाही, एवढेच त्यातून कळते. काही तराजू कारखान्यातून येतानाच १२०० किंवा २४०० बॉडवर, सात बिट आणि पॅरिटी अशा मांडणीने येतात. इंडिकेटरच्या मेनूत किंवा पुस्तिकेत ही मांडणी दिलेली असते. पुस्तिका हरवली असेल, तर चार-पाच प्रचलित वेग एकेक करून पाहिले तरी सापडते.

यूएसबीचा स्वभाव याच्या अगदी उलटा. पहिली आवृत्ती जानेवारी १९९६मध्ये आली. इंटेलमध्ये ती घडवणाऱ्यांत मूळचे वडोदऱ्याचे अजय भट्ट अग्रभागी होते. सीरियल तारेवर दोघेही वाटेल तेव्हा बोलू शकतात. यूएसबीवर मात्र गुरुजींनी विचारल्याशिवाय वर्गात कोणी तोंड उघडायचे नाही, असा कारभार असतो. एक यजमान, बाकी सगळे पाहुणे. यजमान ठराविक काळाने प्रत्येकाला विचारतो, ‘काही आहे का?’ आणि तेव्हाच पाहुणा आपली माहिती देतो. नवे उपकरण लावले की यजमान आधी त्याची ओळख विचारतो. उत्तरात दोन क्रमांक येतात, एक उत्पादकाचा आणि एक मालाचा. त्या क्रमांकांवरून कोणता ड्रायव्हर वापरायचा हे ठरते.

आता टॅबलेटचा पेच लक्षात येईल. टॅबलेट संगणकाला जोडला की तो पाहुणा असतो. चार्ज होतो, फोटो देतो. कन्व्हर्टरही जन्मजात पाहुणाच. दोन पाहुणे एकमेकांना जोडले, तर कोणीच कोणाला विचारत नाही आणि शांतता पसरते. टॅबलेटला यजमान व्हायला सांगावे लागते. यासाठी २००१ साली ओटीजी नावाची पुरवणी यूएसबीच्या मानकाला जोडली गेली. जुन्या मायक्रो-यूएसबी टॅबलेटमध्ये पाच पिना असतात, त्यातली एक केवळ ओळखीसाठी. ओटीजी तारेत ती पिन जमिनीला जोडलेली असते. ती जमिनीला लागलेली दिसली की टॅबलेट समजतो, आता आपण यजमान, आणि पाच व्होल्ट बाहेर द्यायला लागतो. टाइप-सी मध्ये हेच काम ५.१ किलो-ओहमचा एक रेझिस्टर करतो. म्हणून साधी चार्जिंगची तार आणि ओटीजीची तार बाहेरून सारखी दिसली, तरी एकीने काम होते आणि दुसरीने होत नाही. बाजारात मागताना ‘ओटीजी’ हा शब्द तोंडाने उच्चारून मागावा.

तार बरोबर असूनही टॅबलेट यजमान होईलच असे नाही. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०११च्या ३.१ आवृत्तीपासून आहे, पण उत्पादकाने हार्डवेअरमध्ये ती दिली पाहिजे. अगदी स्वस्त टॅबलेटमध्ये ती कधी कधी नसते. खरेदीपूर्वी दुकानातच ओटीजी तारेने एक पेनड्राइव्ह लावून पाहावा. पेनड्राइव्ह उघडला तर टॅबलेट यजमान होतो हे सिद्ध झाले. आयपॅडचा रस्ता वेगळा आहे. तिथे कोणताही यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर लावला आणि ॲपने वापरला असे सर्रास होत नाही, त्यामुळे आपल्या कारखान्यांच्या कामाला अँड्रॉइडच बरा.

कन्व्हर्टरच्या पोटातल्या चिपांची चार घराणी सगळीकडे भेटतात: स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची एफटीडीआय, तैवानची प्रोलिफिक, अमेरिकेतली सिलिकॉन लॅब्ज, आणि चीनच्या नानजिंगमधल्या कंपनीची सीएच-३४०. चौघींचे काम एकच, यूएसबीची विचारपूस आणि सीरियलचे बिट यांच्यात दुभाष्याचे. पण प्रत्येकीची यूएसबीवरची बोली वेगळी आहे. विंडोजमध्ये ड्रायव्हर वेगळा बसवतात. अँड्रॉइडमध्ये साध्या वापरकर्त्याला ड्रायव्हर बसवता येत नाही, त्यामुळे तो ॲपच्या आतच असावा लागतो. म्हणजे ‘टॅबलेट या कन्व्हर्टरला चालतो का’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘हे ॲप या चिपला चालते का’ असे विचारायला हवे. त्याच टॅबलेटवर, त्याच कन्व्हर्टरवर एक ॲप चालते आणि दुसरे चालत नाही, याचे कारण हे. शिवाय ॲप पहिल्यांदा उपकरणाला हात लावते, तेव्हा अँड्रॉइड परवानगीची चौकट दाखवतो. पाळी बदलली, नव्या ऑपरेटरने घाईत ‘नाही’ दाबले, की दिवसभर काटा मुका. ॲप बनवणाऱ्याने ‘हे उपकरण लावले की नेहमी हेच ॲप उघड’ अशी नोंद केलेली असली, तर ही कटकट टळते.

ओळखीच्या त्या दोन क्रमांकांभोवती एक मोठे प्रकरण घडले होते. एफटीडीआयच्या चिपांच्या नकला बाजारात फार झाल्या. ऑक्टोबर २०१४मध्ये विंडोजच्या अपडेटमधून कंपनीचा नवा ड्रायव्हर जगभर गेला आणि तो नकली चिप सापडली की तिचा मालाचा क्रमांक शून्य करून टाकी. काल चालणारे कन्व्हर्टर आज कोणालाच ओळखू येईनात. ज्यांनी ते पूर्ण किंमत मोजून, अस्सल समजून घेतले होते, त्यांचीही यंत्रे थांबली. ओरड झाल्यावर ड्रायव्हर मागे घेतला गेला. नकलेचा त्रास मात्र संपलेला नाही. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, एकाच दिसण्याचे दोन कन्व्हर्टर दोन किमतींना मिळतात. घरच्या प्रयोगासाठी स्वस्त घ्यायला हरकत नाही. काट्यावर किंवा लॅबमध्ये मात्र चिपचे नाव बिलावर लिहून देणाऱ्या दुकानदाराकडूनच घ्यावे. काही शे रुपयांच्या बचतीसाठी एक पाळी थांबवणे परवडत नाही.

तारांकडे येऊ. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळ्यात कमी लक्ष दिले जाते. कन्व्हर्टर आणि इंडिकेटर यांच्यामध्ये सरळ तार हवी की उलटी, हे कनेक्टर पाहून कळत नाही. एकाची बोलणारी पिन दुसऱ्याच्या ऐकणाऱ्या पिनेला जोडली गेली पाहिजे, एवढेच तत्त्व. ते ओळखायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंडिकेटर चालू ठेवावा, मीटरचा काळा प्रोब ५ नंबरवर धरावा आणि लाल प्रोब २ वर, मग ३ वर. ज्या पिनेवर उणे पाच ते उणे बारा व्होल्ट दिसतील, ती बोलणारी. दुसरी शून्याच्या आसपास असेल. बोलणारी पिन ३ निघाली, तर तार उलटी हवी, म्हणजे २ आणि ३ ची अदलाबदल केलेली. २ निघाली तर सरळ.

कन्व्हर्टर आणि ॲप बरोबर आहेत का हे पाहायची युक्ती त्याहून सोपी आहे. कन्व्हर्टरच्या नऊ पिनांपैकी २ आणि ३ वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडायच्या आणि ॲपमध्ये काहीही टाइप करायचे. टाइप केलेले परत पडद्यावर आले, तर टॅबलेट, ओटीजी, चिप, ड्रायव्हर, परवानगी हे सगळे ठीक आहे असा निर्वाळा एका मिनिटात मिळतो. मग दोष शोधायचा तो फक्त पुढच्या तारेत आणि इंडिकेटरच्या मांडणीत. ही चाचणी न करता माणसे दोन-दोन तास टॅबलेट रीस्टार्ट करत बसतात, ते पाहून वाईट वाटते.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. बाजारात चार-सहा पिनांचे उघडे छोटे बोर्डही ‘यूएसबी-सीरियल’ या नावाने मिळतात आणि ते स्वस्त असतात. त्यांची पातळी ३.३ किंवा ५ व्होल्टची असते, आणि आरएस-२३२चे अधिक-उणे बारा व्होल्ट त्यांच्या पिनेवर आले तर बोर्ड जळू शकतो. शिवाय त्यांचा संकेतही उलटा असतो. कॉलेजच्या प्रकल्पासाठी आणलेला असा बोर्ड थेट काट्याला जोडायचा मोह होतो. मधे पातळी बदलणारी मॅक्स-२३२ सारखी चिप असल्याशिवाय तो मोह टाळावा.

विजेचा मुद्दाही असाच. कन्व्हर्टर टॅबलेटच्याच विजेवर चालतो. त्याची गरज साधारणपणे शंभर मिलिअँपिअरहून कमी असते, यूएसबी २.० च्या पाचशेच्या मर्यादेत सहज बसणारी. पण टॅबलेट देणारा झाला की मायक्रो-यूएसबीमध्ये त्याच भोकातून घेणारा सहसा होऊ शकत नाही. सकाळी सातला लावलेला टॅबलेट दुपारच्या पाळीत मान टाकतो. काट्याच्या केबिनमध्ये कायम जोडून ठेवायचा असेल, तर टाइप-सीचा, आणि चार्जिंग आत घेत यजमान राहू शकणारा टॅबलेट निवडावा. त्याबरोबर वीज पुढे सोडणारा हब लागतो. ही जोडी खरेदीपूर्वी प्रत्यक्ष तासभर चालवून पाहिलीच पाहिजे, कारण सगळे टाइप-सी टॅबलेट हे करत नाहीत.

आतापर्यंतचे सगळे टेबलावर चालते. एमआयडीसीत टेबलाबाहेर आणखी काही असते. काटा गेटवर, पॅनेल शेडमध्ये, मधे शंभर मीटर, आणि त्या वाटेवर मोटारींचे ड्राइव्ह. आरएस-२३२ची तार सुमारे पंधरा मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे आरएस-४८५ वापरतात, जे १९८३चे मानक आहे. त्यात एक तार आणि जमीन अशी जोडी नसते. दोन पिळलेल्या तारांमधला फरक मोजला जातो. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि फरकात नाहीसा होतो. त्यामुळे कमी वेगाला १,२०० मीटरपर्यंत तार नेता येते आणि मूळ मानकाप्रमाणे एका जोडीवर ३२ उपकरणे बसतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावायचा असतो. मधल्या उपकरणांना नाही. वीज मोजणारे पॅनेल मीटर, तापमान नियंत्रक, सांडपाण्याचे फ्लो मीटर हे सगळे बहुधा याच तारेवर असतात आणि मॉडबस बोलतात. ही पद्धत मोडिकॉन कंपनीने १९७९मध्ये आणली. प्रत्येक मीटरला १ ते २४७ मधला एक पत्ता असतो, आणि टॅबलेटने पत्ता घालून विचारले तरच तो मीटर उत्तर देतो. दोन मीटरना चुकून एकच पत्ता दिला गेला की दोघे एकदम बोलतात आणि कोणाचेच कळत नाही.

इथल्या रासायनिक कारखान्यांना हे तारांचे जग अपरिचित नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४मध्ये अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी आणि धुराचे सतत ऑनलाइन मापन बसवायला सांगितले. तेव्हापासून पीएच, सीओडी, प्रवाह यांचे आकडे माणसाच्या हातून न जाता थेट बाहेर जायचा पायंडा पडला. वालधुनी आणि उल्हास या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. अशा मीटरची स्थानिक तपासणी करताना तंत्रज्ञाच्या हातातला टॅबलेट आणि आरएस-४८५चा कन्व्हर्टर फार उपयोगी पडतो. मीटर काय म्हणतो आणि पुढे काय पाठवले जाते, हे दोन्ही तिथल्या तिथे ताडून पाहता येते.

शेडमध्ये जमीनही एकसारखी नसते. काट्याच्या केबिनचे अर्थिंग आणि पॅनेलचे अर्थिंग यांच्यात काही व्होल्टचा फरक असू शकतो, आणि मोठी मोटार सुरू होताना किंवा पावसाळ्यात वीज कडाडताना तो एकदम वाढतो. चार्जरला लावलेला टॅबलेट, कन्व्हर्टर आणि इंडिकेटर एका तारेने जोडले, की तो फरक त्या बारीक तारेतून वाहू पाहतो. आधी कन्व्हर्टर जातो, कधी टॅबलेटचे पोर्टही. यावर उपाय म्हणजे आयसोलेटेड कन्व्हर्टर, ज्यात दोन्ही बाजूंमध्ये विजेचा थेट संबंध नसतो आणि संकेत प्रकाशाने किंवा चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो. किंमत दुप्पट-तिप्पट असते. कारखान्यात हा खर्च मी चैन मानत नाही.

आणि सॉल्व्हंट हाताळणाऱ्या विभागात साधा टॅबलेट न्यायचाच नाही. जिथे ज्वालाग्राही वाफ असू शकते, तिथली उपकरणे फ्लेमप्रूफ किंवा मुळातच ठिणगी पडू न देणारी, मान्यताप्राप्त असावी लागतात. नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही केंद्र सरकारची स्फोटक-सुरक्षा संस्था हे पाहते. चालू स्थितीत यूएसबी प्लग काढताना उडणारी बारीक ठिणगीसुद्धा तिथे पुरेशी आहे. अशा जागी आरएस-४८५ची तार योग्य बॅरिअरमधून सुरक्षित खोलीपर्यंत आणावी आणि टॅबलेट तिथेच ठेवावा. कितीही घाई असली तरी हा नियम मोडू नये.

टूलरूमकडे वळले की गोष्ट निराळी होते. जुन्या फानुक नियंत्रकांच्या व्हीएमसीवर २५ पिनांचे पोर्ट असते. प्रोग्रॅम एकेकाळी छिद्रांच्या कागदी फितीवरून वाचले जात, त्याच्या खुणा अजून शिल्लक आहेत. फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी जे टक्क्याचे चिन्ह असते, ते त्या फितीच्या काळातले. या यंत्रांचे पॅरामीटर बॅटरीच्या आधाराने स्मृतीत टिकतात. बॅटरी संपली आणि कोणाच्या लक्षात आले नाही, की ‘पॅरामीटर उडाले’ हा शब्दप्रयोग ऐकू येतो आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. म्हणून टॅबलेटचा इथला सर्वात मोलाचा उपयोग म्हणजे सगळे पॅरामीटर, ऑफसेट आणि प्रोग्रॅम उतरवून घेऊन दोन ठिकाणी जपून ठेवणे. काम अर्ध्या तासाचे आहे.

मांडणी बहुधा ४८०० बॉड, सात बिट, सम पॅरिटी, दोन स्टॉप बिट अशी असते. तीनच तारांची केबल असेल तर यंत्राच्या बाजूला ४-५ आणि ६-८-२० या पिना आपसात जोडाव्या लागतात. नाही तर नियंत्रक समोरचा तयार नाही असे समजून ०८६ क्रमांकाचा अलार्म देतो. ०८५ आला तर वेग किंवा पॅरिटी तपासावी. तिसरा, ०८७, यूएसबी कन्व्हर्टरच्या स्वभावातून येतो. नियंत्रकाची जागा भरत आली की तो ‘थांब’ असा एक संकेत पाठवतो. जुना संगणक एक-दोन अक्षरांत थांबे. यूएसबीमध्ये तो संकेत आधी चिपमध्ये साठतो, मग यजमानाने विचारल्यावर टॅबलेटला मिळतो. एफटीडीआयच्या चिपमध्ये अशी वाट पाहण्याचा मूळ काळ सोळा मिलिसेकंदांपर्यंत असतो. तोवर चिपच्या पोटात आधीच पोहोचलेली अक्षरे यंत्राकडे वाहतच राहतात आणि नियंत्रक म्हणतो, जागा उरली नाही. चिपलाच हा ‘थांब’ ओळखायला सांगणारे ॲप असेल तर प्रश्न सुटतो. तशी सोय नसेल तर वेग उतरवावा. डाय-मोल्डचे लांबलचक प्रोग्रॅम ड्रिप फीडने, म्हणजे यंत्राला थोडे थोडे पुरवत, तासन्‌तास चालवायला टॅबलेट वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मधेच पडदा झोपला किंवा कोणाचा फोन आला, तर पोलाद वाया जाते.

लॅबच्या तराजूचा प्रकार सर्वात सभ्य. तो विचारले तरच उत्तर देतो. मेटलर-टोलेडोच्या तराजूंना ‘एस’ हे एकच अक्षर आणि ओळ संपल्याची खूण पाठवली, की वजन स्थिर होईपर्यंत थांबून तो आकडा देतो. ‘एसआय’ पाठवले तर त्या क्षणी जे असेल ते लगेच देतो, आणि उत्तरातल्या दुसऱ्या अक्षरावरून ते स्थिर होते की हलते हे कळते. औषध कंपनीत हा फरक फार मोठा आहे. पंख्याच्या वाऱ्याने डुलणाऱ्या तराजूचा मधलाच आकडा बॅच रेकॉर्डमध्ये गेला, तर तो हाताने चुकीचा लिहिण्याइतकाच वाईट, किंबहुना जास्त, कारण छापील आकड्यावर कोणी शंका घेत नाही. काट्याच्या इंडिकेटरच्या ओळीतही बहुतेक वेळा असे स्थिरतेचे एक अक्षर असते. ॲप बनवून घेताना ते वाचले जाते का, हे ग्राहकाने स्वतः विचारावे. आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. ओळ अर्धीच आली तर ॲप ती टाकून देते का? यूएसबीवर तुकडे पडतात. १८,४६० मधले ‘१८४’ एका तुकड्यात आणि ‘६०’ पुढच्यात येऊ शकते, आणि भोळे ॲप १८४ किलोचा टँकर नोंदवते. दुसरे, तार निसटली तर पडद्यावर जुना आकडा तसाच राहतो की स्पष्ट इशारा येतो? जुना आकडा तसाच ठेवणारे ॲप काट्यावर नको.

व्यापारासाठी वापरला जाणारा काटा वैध मापन शास्त्र अधिनियम २००९ खाली येतो. त्याची ठराविक मुदतीने पडताळणी होते आणि शिक्का मारून सील केले जाते. पोर्ट सहसा सीलच्या बाहेर असते, त्यामुळे तार जोडायला अडचण नाही. पण ‘पोर्ट आत आहे, पेटी उघडून वायर काढतो’ असे कोणी तंत्रज्ञ म्हणाला तर त्याला थांबवावे. सील तुटले की काटा पुन्हा पडताळून घेईपर्यंत त्यावरचे वजन कायद्याच्या दृष्टीने वापरता येत नाही. अशा वेळी काटा बसवणाऱ्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच पोर्ट बाहेर काढून घ्यावे आणि त्याच फेरीत पडताळणी उरकावी.

जोडणी एकदा चालू झाली की वेग, बिट, पॅरिटी, तार सरळ की उलटी, चिपचे नाव आणि ॲपची आवृत्ती एवढे सहा शब्द एका स्टिकरवर लिहून इंडिकेटरच्या बाजूला चिकटवावेत, वर पारदर्शक टेप लावावी. रसायनांच्या वाफांत शाई उडते, म्हणून तेच सहा शब्द मेंटेनन्सच्या वहीतही उतरवून ठेवावेत. पुढच्या दिवाळीच्या शटडाउननंतर यंत्र सुरू करणारा माणूस बहुधा दुसराच असेल.